खाणीतलं कार्ड

चौदा लाख तुग्रिक
ऐकायला खजिना,
मोजायला वीस-वीस हजारांच्या सत्तर नोटा.
डाव्या हातमोज्यात मावल्या
आणि बोटांनाही जागा उरली.

उलानबातरमध्ये त्या सकाळी उणे अठ्ठावीस.
बाबा म्हणाले, मीही येतो,
रात्रपाळी करून आलोय, झोप काय पळून जात नाही.
नलाइखचा कोळसा त्यांच्या पापण्यांत
काजळासारखा.

दुकानदार गान्झोरिगने कागद पुढे ओढला.
आधी पॉवर सप्लाय, म्हणाला.
त्याने गेम थोडाच पळतो?
तो म्हणाला, तुमच्या टेकडीवर संध्याकाळी
घरोघरी हीटर लागले की दिवा कसा होतो?
म्हाताऱ्याच्या डोळ्यासारखा, मी म्हटलं.
झालं तर. त्याने लिहिलं: दोन लाख वीस हजार.
स्वस्तातला एकटा मरत नाही,
शेजाऱ्यांना घेऊन जातो.

प्रोसेसर चार कोअरचा.
सहाचा मोह मी बोटाने पुसला
काचेवरच्या वाफेबरोबर.
रॅमची एकच पट्टी; शेजारची खोबण रिकामी,
उशिरा येणाऱ्या पाहुण्याचं ताट मांडून ठेवावं तशी.
कॅबिनेटला काच नको, रंगीत दिवे तर नकोतच.
सोलोंगो म्हणजे इंद्रधनुष्य,
नावातच आहे ते विकत कशाला घ्यायचं?
(ही सबब मी बसमध्ये पाठ करून आले होते.
दिवे मला हवे होते.)

उरले दोन लाख नव्वद
आणि ग्राफिक्स कार्ड अजून यायचंच होतं.

गान्झोरिगने खालच्या फळीवरून एक काढलं.
दोन पंख्यांचं, कडेला पिवळं पडलेलं.
खोटं बोलत नाही, म्हणाला,
हे खाणीतलं आहे.

म्हणजे कुठल्याशा गोदामात दोन वर्षं
रात्रंदिवस नाणी काढत बसलेलं,
हाताला न लागणारी नाणी.
पण बाबांनी मान वर केली,
तासाभरात पहिल्यांदा.

कुठल्या खाणीतलं?

मी समजावलं. खोदत नाहीत, नुसते हिशेब करतात.
धूळ?
असते.
सुट्टी?
नाही.
मग खाणच, म्हणाले.

स्क्रू काढले. आतली पेस्ट वाळून भेगाळलेली,
हिवाळ्यात बाबांच्या टाचा होतात तशी.
मी म्हटलं, नकोच.
सगळे सांगतात, खाणीतलं घेऊ नये,
पिळून निघालेलं असतं,
कधी बंद पडेल नेम नाही.

बाबा काही बोलले नाहीत.
बुटावरचा बर्फ झटकत राहिले,
बर्फ कधीच वितळला होता.
मग मला माझं वाक्य ऐकू आलं.

साडेतीनचं दोन नव्वदला तुटलं.
पेस्टची नळी त्याने फुकट दिली.
बसमध्ये बाबांनी कार्ड कोटाच्या आत धरलं,
हात काढून घेतला नाही शेवटच्या थांब्यापर्यंत.

आई म्हणाली, लगेच उघडू नका,
गारठलेली वस्तू घरात आली की घामेजते.
हे तिला चष्म्याने शिकवलेलं.
शिवाय नऊनंतर वीज स्वस्त.
तोवर खोकी चुलीपासून लांब, नमद्याच्या भिंतीकडेला,
आणि त्यांच्याशेजारी बाबा, घोरत.

बटण दाबलं. पडदा काळाच.
सत्तर नोटा! आई म्हणाली.
केबल मी बोर्डाला खुपसली होती,
कार्डाला लावायची सोडून.

मग पंखे अडखळले, मग एका सुरात.

मध्यरात्रीच्या जरा आधी
मी कुठल्याशा वाळवंटात भरधाव गाडी हाकत होते.
कार्ड एकाहत्तर अंश,
बाहेर उणे एकतीस.
बाबा पाळीला निघाले होते. वाटेत थांबून
त्यांनी कॅबिनेटच्या मागे तळहात धरला.

तापलंय.
चालेल ना?
चालेल की.

दार ओढून घेताना म्हणाले,
मधूनमधून थांबवत जा त्याला.